न्हाणीमागची सौंदर्या

कुन्नूर
१२ नोव्हेंबर १९९७

अक्का,

पाया पडते. इथल्या थंडीत वाकवत नाही, म्हणून कागदावरच पडते.

दिवाळीला येणं झालं नाही. यांच्या बँकेत तपासणीची माणसं येऊन बसली आणि रजा मागायची कुणाची छाती झाली नाही. तू रागावली असशील. रागाव, पण अप्पांपुढं नको.

यांच्याच बँकेत सयाजीराव म्हणून आपल्या बिद्रीचे एक गृहस्थ आहेत. ते गावी निघालेत. त्यांच्याबरोबर अप्पांच्या गुडघ्यांसाठी एक बाटली पाठवते. विंटरग्रीन म्हणतात त्या झाडाचं तेल आहे. इथल्या डोंगरात त्याची मोठी झुडपं असतात, त्यांची पानं उकळून काढतात. नुसतं लावू नकोस, आग होईल. खोबरेल तेलात थोडंसं मिसळायचं. पोटात थेंबही जाता कामा नये.

गंमत म्हणजे आमच्या आवारातही याची एक बुटकी जात आहे. आधी राहणाऱ्या कुणा गोऱ्या बाईनं परदेशातून आणून लावलेली. उंची वीतभर, बारा महिने हिरवीगार. मोठ्या झाडांच्या दाट सावलीत जमिनीलगत पसरत जाते. पान नुसतं हुंगलं तर कसलाच वास नाही. चुरगाळलं की बामची डबी उघडल्यासारखं होतं. थंडीत लाल फळं धरतात, ती खातात म्हणे. मीही एक खाल्लं. आधी बाम खाल्ल्यासारखं वाटलं, मग दुसरं खावंसं वाटलं.

अप्पांना सांग, धाकटीनं पाठवलंय.

तुझी
सौंदर्या


कसबा बावडा
८ डिसेंबर १९९७

सौंदर्या,

आशीर्वाद आहेतच. ते काही तुला मागून घ्यावे लागत नाहीत.

बाटली पोचली. गुण आला. परवा अप्पा काठी न घेता दारापर्यंत गेले. आता तू म्हणशील, अक्काला आनंद झाला असेल. झाला. पण पुढचं ऐक.

अप्पांची उभी हयात गुऱ्हाळावर गेली. त्यांच्या हातचा गूळ कधी बिघडला नाही, म्हणून पंचक्रोशीत अजून त्यांना गुळव्या अप्पा म्हणतात आणि रोज कुणीतरी भेटायला येतंच. येईल त्याला एकच पाढा. "आमच्या धाकटीनं तेल धाडलंय, पार निलगिरीच्या डोंगरातनं. गुडघं पाक मोकळं झालं बघा." शेजारचा बाळासो म्हणाला, "धाकटीचा लई जीव हाय की तुमच्यावर." मी तिथंच खाली बसून त्यांचा गुडघा चोळत होते. कोपरापर्यंत हात तेलानं माखलेले. दोघांनाही मी दिसले नाही.

तेल तू पाठवलंस, मान्य. चोळतं कोण? संध्याकाळी दिवा लावला की दोन्ही गुडघे, मग पोटऱ्या, मग टाचा. तू सासरी गेलीस त्या वर्षापासून हे चाललंय. आधी साधं तिळाचं तेल होतं, तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. मला ते हाक मारतात तीसुद्धा "अगं ए" अशी. रुद्राणी हे नाव अव्वानं पहिल्या लेकीचं म्हणून ठेवलं होतं, ते अव्वाबरोबरच गेलं म्हणायचं.

मला हेवा वाटला. तुझ्यापासून काय लपवायचं? एका बाटलीचा हेवा वाटला.

म्हणून सांगते, बाटल्या पाठवू नकोस. ते झाडच पाठव. मी लावते, मी पानं खुडते, मीच काय ते करते. मग बघू अप्पा कुणाचं नाव घेतात.

रुद्राणी


कुन्नूर
२ फेब्रुवारी १९९८

अक्का,

तुझं पत्र वाचून हसले. मग हसू आपसूक गेलं. बाटलीचा काय हेवा करायचा, ती रिकामी होते.

सयाजीराव पुतणीच्या लग्नाला निघालेत. त्यांच्याकडं दूध पावडरीच्या डब्यात एक रोप दिलंय, आमच्या आवारातल्या बुटक्या जातीचं. कसं वाढवायचं ते लिहिते. दारात, चांगल्या उन्हात ठेव. माती आपली शेतातली काळीच घाल. आणि राख. गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख याला फार मानवते. आठवड्याला ओंजळभर बुडाशी घालत जा. अप्पांना राखेचं मी काय सांगायचं, त्यांचा जन्म त्या चुलवाणाशीच गेला.

पण एवढ्याशा रोपातून तेल निघत नसतं, अक्का. पोतंभर पानं लागतात तेव्हा कुठं चमचाभर निघतं. तोवर बाटली लागणारच. संपत आली की कळव, लाजू नकोस.

आणि समजा, नाहीच जगलं, तर मनाला लावून घेऊ नकोस. आपल्याकडची हवा त्याला सोसेल असं नाही.

सौंदर्या


कसबा बावडा
२५ मार्च १९९८

सौंदर्या,

डबा पोचला. सयाजीराव भला माणूस. मिरजेत गाडी बदलताना रोप मांडीवर घेऊन बसले होते म्हणे.

अप्पांनी ते दारात, आपल्या खुर्चीशेजारी ठेवायला लावलं. काळी माती घातली. ऊन तर काय, तिथं दिवसभर. थोड्याच दिवसांत पानं तांबूस पडली. राख बाळासो आणून देणार होता, पण तो ऊसतोडीत अडकला. तेवढ्यात जे झालं ते सांगते.

अप्पांनी झाडाचं नाव सौंदर्या ठेवलं.

सकाळी डोळे उघडले की, "अगं ए, सौंदर्याला पानी घातलंस काय?" दुपारी, "सौंदर्याला ऊन लागतंय, पोतं धर की." गायीनं तिकडं मान वळवली तरी, "अगं ए, सौंदर्याला सांभाळ." दूध घालायला येते ती बयाबाई एकदा दारातच थांबली. "सौंदर्या म्हायारी आलिया व्हय?" अप्पा म्हणाले, "व्हय तर. ही काय, माझ्याजवळ बसल्या."

सौंदर्या, मी या घरात राबतेय. अव्वा गेली तेव्हा तुझं लग्न ठरलेलं होतं. माझं ठरायचं होतं, ते ठरायचंच राहिलं. त्यावर मी कधी बोलले नाही आणि आजही बोलत नाही. पण वीतभर झाडाला नाव, आणि मला अगं ए?

काल मी ते उचललं आणि न्हाणीमागं नेलं. तिथं उन्हाचा पत्ता नाही. फणसाचा पाला पडतो आणि कुजतो. घर बांधताना पन्हाळ्याकडून आणलेली तांबडी माती उरली होती, ती अजून तशीच पडलीय. तिच्यात खोचून आले. दर सोमवारी देवाची तांब्यापितळेची भांडी मी तिथंच बसून चिंचेनं घासते, ते आंबट पाणीही तिकडंच जातं. म्हटलं, आता तेच पी. मेलं तर मेलं.

अप्पांना तिथवर चालवत नाही. "सौंदर्या कुठं हाय?" म्हणून विचारलं. "न्हाणीमागं," म्हटलं. "बरं," म्हणाले, आणि तोंड फिरवून बसले ते जेवेपर्यंत.

मला आत एक बाहेर एक जमत नाही, म्हणून लिहिलं.

रुद्राणी


कुन्नूर
१५ एप्रिल १९९८

अक्का,

न्हाणीमागं तर न्हाणीमागं. घर तुझं, जागा तुझी. माझ्या नावाचं झाड तिथं गेलं म्हणून मी रुसणार नाही. रुसले तरी इथून दिसणार कुणाला?

राख तेवढी घालायला विसरू नकोस. बाळासोला आठवण कर.

नवी बाटली पाठवलीय. अप्पांना सांग, कुणी पाठवली ते.

सौंदर्या


कसबा बावडा
१९ जानेवारी १९९९

सौंदर्या,

मधे इतके महिने लिहिलं नाही. सांगण्यासारखं होतं, पण सांगवत नव्हतं.

झाड मेलं नाही. उन्हाळाभर मी त्याच्याकडं ढुंकून पाहिलं नाही, फक्त सोमवारची भांडी तेवढी घासत होते. पावसाळ्यात पाहिलं तर त्याला चहूबाजूंनी पाय फुटलेले. आता न्हाणीच्या भिंतीपासून फणसाच्या बुंध्यापर्यंत हिरवं आहे, आणि खाली लालभडक फळं. अप्पांना दाखवली. त्यांनी एक तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "बाम लावून गुळाचा खडा खाल्ल्यागत लागतंय." मग हात पुढं केला, अजून दे म्हणून.

तेल निघत नाही हे तुझं खरं. पण मी माझी तऱ्हा काढली. पानं ठेचायची, बरणीत कोमट पाण्यात भिजत घालायची आणि चुलीजवळ उबेला ठेवायची. चांगला वास सुटला की गाळून घ्यायचं. त्यात फडकं भिजवून गुडघ्याला गुंडाळायचं आणि मग तिळाच्या तेलानं चोळायचं. तुझ्या बाटलीइतका नाही, पण गुण येतो. तेव्हा बाटली आता नको.

माझं मीच केलं, माझ्या हातानं केलं. आणि अप्पा काय म्हणाले सांगू? "सौंदर्याचा पाला लई गुणाचा हाय." बरणी आपटावीशी वाटली. बरणी अव्वाची आहे म्हणून वाचली.

रुद्राणी


कुन्नूर
१० फेब्रुवारी १९९९

अक्का,

झाड जगलं, वाचून आनंद झाला. फळंही धरली, फारच आनंद झाला.

राख घातलीस ना? नसशील तर आता तरी घाल, म्हणजे अजून जोमानं येईल. नुसती ओंजळभर नको, घमेलंभर घाल.

बाटली खरंच नको? नुसत्या पाल्याच्या पाण्यानं काय होतंय? मी पाठवते. पडून राहील तर राहू दे फळीवर.

सौंदर्या


कसबा बावडा
१६ नोव्हेंबर १९९९

सौंदर्या,

दिवाळीत सयाजीराव बाटली घेऊन आले होते. पाय धुवायला न्हाणीमागं गेले आणि तिथूनच ओरडले, "अवो ताई, हे तर कुन्नूरच्या वरताण आलंय की! वैनींनी सांगितल्यागत केलं जणू. सावली, कुजका पाला, आंबट माती." मी विचारलं, "आणि राख?" तर म्हणाले, "राख? छे, छे. वैनी तर शेजारणीच्या बंबाची राख आवारात उडाली तरी भांडायला उठत्यात. राखेनं हे झाड जळतंय म्हणं."

त्यांना चहा दिला, फराळ दिला, वाटेला लावलं. मग पायरीवर बसून राहिले.

दारातलं ऊन, शेतातली काळी माती, वर राख. तुला सगळं ठाऊक होतं. आमच्या बाळासोला ऊसतोड होती म्हणून, नाहीतर मी भोळ्यासारखी घातली असती. एकदा नाही, दर आठवड्याला घातली असती. झाड माझ्या हातानं मेलं असतं आणि अप्पा म्हणाले असते, हिला एक झाड सांभाळता आलं न्हाय.

तू मारायला सांगितलंस. मी मरायला ठेवलं. दोघींनी मिळून त्याला जगवलं.

माझं तरी मी लिहून कळवलं होतं तुला. तू गोड गोड लिहीत राहिलीस. का केलंस एवढं सांग. पाया पडते वगैरे लिहू नकोस, नुसतं सांग.

रुद्राणी


कुन्नूर
४ डिसेंबर १९९९

अक्का,

नुसतं सांगते. मला ते झाड तुझ्याकडं जगायला नको होतं.

तुझ्याकडं अप्पा आहेत. उठता बसता आहेत. त्यांचं खोकणं, कुरकुरणं, जेवण झाल्यावर तांब्या खाली ठेवायचा आवाज, सगळं तुझं. माझ्याकडं काय आहे? एक बाटली. ती सयाजीरावांच्या पिशवीतून जाते, आणि पोचली की त्या घरात माझं नाव निघतं. झाड तुझ्या परसात जगलं की बाटली संपली. तू तसंच लिहिलंस, बाटली आता नको. तरी मी नवी बाटली भरलीच.

झाडाला माझं नाव दिलं म्हणून तू जळतेस. अप्पा हाक मारतात ती मला इथं ऐकू येते का? तुला अगं ए म्हणतात म्हणून रडतेस. मला अगं ए तरी कोण म्हणतं, अक्का? माझ्या घरात मला मिसेस म्हणतात.

मला तुझ्या तेलकट हातांचा हेवा वाटतो. लग्न झाल्यापासून वाटतो. तू मला एकदाही अप्पांचे पाय चोळू दिले नाहीस. माहेरी आले की, पाहुणी आहेस, बस म्हणायचीस. मी बसायचे आणि बघायचे.

उन्हाळ्यात अप्पांना माझ्याकडं दोन महिने पाठव. इथं हवा थंड आहे, पण घरात शेगडी आहे, मी जपेन. नाही पाठवलंस तर मी पुन्हा विचारणार नाही. पत्रही लिहिणार नाही.

सौंदर्या


कसबा बावडा
१८ एप्रिल २०००

सौंदर्या,

अप्पांना सयाजीरावांबरोबर पाठवतेय. माझं मन तयार नाही. ते तिथं रमले आणि परत आलेच नाहीत तर मी काय करू, हे तू मला सांगू नकोस, मला विचार करू दे. नाही पाठवलं असतं तर मात्र जन्मभर तुझं तोंड बघायची लाज वाटली असती.

संध्याकाळी दिवा लागल्यावर चोळायचं. उजवा गुडघा आधी. दुखलं तरी ते सांगत नाहीत, पायाचा अंगठा आखडतात, तिकडं लक्ष ठेव. विभूतीची डबी त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात आहे.

निघताना मला म्हणाले, "अगं ए, सौंदर्याकडं बघ." कुठल्या सौंदर्याकडं, ते विचारायचं राहिलं.

रुद्राणी


कुन्नूर
२१ जून २०००

अक्का,

अप्पांना घेऊन जा.

काळजी करू नकोस, तब्येत चांगली आहे. जेवतात, फिरतात, शेगडीपाशी बसून यांना गुळाच्या काईलीच्या गोष्टी सांगतात. तब्येतीचं नाही हे.

आल्यावर एकदोन दिवस बरे गेले. मग एका सकाळी आवारात खुर्ची टाकून बसले. समोर आपल्या झाडाचा तो हिरवा गालिचा. त्याच्याकडं बघत मला म्हणाले, "अगं ए, रुद्राणीला पानी घातलंस काय?"

मला वाटलं चुकून म्हणाले. चुकून नव्हतं. तेव्हापासून रोज चाललंय. "रुद्राणीत पाय घालू नगंस." "रुद्राणीला फळं कवा धरत्यात?" यांनी विचारलं, रुद्राणी म्हणजे कोण, तर म्हणाले, "ही काय, माझी थोरली. चुरगाळल्याबिगर हिचा वास येत न्हाय." हे हसले. मला हसू आलं नाही.

तू लिहून दिलंस तसं चोळायला बसले. उजवा गुडघा आधी. अंगठ्याकडं लक्ष ठेवलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्या हातात आलं होतं. अप्पा म्हणाले, "त्याल ब्येस हाय. हात न्हाय. रुद्राणीचा हात कुठं घावायचा न्हाय."

परवा यांच्या बँकेतली माणसं आली होती. त्यांच्यापुढंही तेच. "थोरलीच्या हातानं मी उभा हाय बघा." मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होते. कुणालाही दिसले नाही. तू तेव्हा लिहिलं होतंस ते मला त्या ट्रेपाशी कळलं. माझं घर, माझा वाफा, माझं तेल, आणि नाव तुझं.

मी अगं ए झालेय, अक्का. हवं होतं ना मला. झालं. आता सोसवत नाही.

दोन महिने भरले. सयाजीराव पुढच्या महिन्यात निघतात. त्यांच्याबरोबर पाठवू, की तू येतेस न्यायला?

सौंदर्या


कसबा बावडा
५ जुलै २०००

सौंदर्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मी न्हाणीमागं भांडी घासत होते. चिंचेच्या हातानंच उघडलं, त्याचे डाग पडलेत. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. अप्पांची ती हाताची ओळ बयाबाईला मोठ्यानं वाचून दाखवली. तिनं विचारलं नव्हतं.

घर खायला उठतं. दिवा लागला की माझा हात आपोआप वाटीकडं जातो. अप्पा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी झाडाला पाणी घालायला गेले, तर तोंडातून निघालं, "घे गं सौंदर्या." तेव्हापासून रोज निघतं. आता चिडून म्हणत नाही.

तू जळतेस हे वाचून बरं वाटलं. तुला वाईट वाटलं म्हणून नाही, माझ्यावर कुणी जळावं असं मला काही मिळालं म्हणून. खोटं कशाला बोलू?

आता अप्पांचं. मी न्यायला येत नाही, आणि सयाजीरावांबरोबरही पाठवू नकोस. इथं पाऊल टाकलं की मी पुन्हा अगं ए होणार, आणि सौंदर्या न्हाणीमागची. त्यांचं तसंच आहे. जवळच्या माणसाचं नाव त्यांना लागत नाही. हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही आणि तुला दोन महिन्यांत कळलं, तू नेहमीच हुशार. तेव्हा आता दसऱ्यापर्यंत त्यांना तिथंच ठेव. दिवस कसेही काढीन मी. तेवढे दिवस मला तिथं रुद्राणी राहू दे.

चोळताना तळव्याचा जोर खालून वर लाव, वरून खाली नको. हात येईल. आलाच नाही तर तेही मला कळव, मला वाचायला आवडेल.

आणि त्या वाफ्याला राख घालू नकोस.

तुझी अक्का
रुद्राणी